जॉयस्टिकचा इतिहास : गोंदियाच्या पार्लरपासून घरच्या डब्यापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही नेहमीसारखी लेखी आवृत्ती. बोलताना जे ‘अं… म्हणजे…’ झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘ताई, घरी आर्केड बॉक्स बनवायचाय. जपानी जॉयस्टिक घेऊ, अमेरिकन घेऊ की सरळ स्वस्तातलं चायनीज किट घेऊ?’ मला वाटलं दोन ओळींत उत्तर देऊन टाकावं. पण हा प्रश्न मी स्वतः दोन दिवाळ्या डोक्यात घेऊन फिरलेय. आणि त्याचं उत्तर शोधता शोधता कळलं की एवढ्याशा दांड्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास कळला की कोणती जॉयस्टिक घ्यायची हे कुणाला विचारावंच लागत नाही. म्हणून आजचा अख्खा एपिसोड एका दांड्यावर.

सुरुवात गोंदियापासून करू, कारण माझी सुरुवात तिथेच आहे.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. आमच्या शाळेत त्या सुमारास सतत ‘आपला नवीन जिल्हा, आठ तालुके’ असं पाठ करून घ्यायचे. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. मला ते वर्ष मात्र दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी मी पहिल्यांदा ‘मुस्तफा’ पाहिला.

बाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बाहेर अर्धा पडदा, आत अंधार, चार मशीन, आणि सतत ‘ढिशुम ढिशुम’. मशीन म्हणजे काय, तर प्लायवूडचं खोकं, त्यावर सनमायका, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, समोर दोन दांडे आणि लाल-पिवळी बटणं. माझा दादा तेव्हा आठवीत. घरून तांदळाची पिशवी आणायला पाठवलं की तो वाटेत तिथे थांबायचा आणि मला पायरीवर उभं करायचा. ‘इथंच थांब, दोन मिनिटात आलो.’ ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटं नसायची.

आत मुली नसायच्या. पाटी वगैरे काही नव्हती, पण नसायच्या. मी पडद्याच्या फटीतून बघायची. मला स्क्रीन अर्धाच दिसायचा, पण दादाचा डावा हात पूर्ण दिसायचा. त्यामुळे गेमच्या आधी मला जॉयस्टिक कळली असं म्हटलं तरी चालेल.

आता इथून जरा मागे जाऊ. बरंच मागे.

विमानातून आलेला दांडा

‘जॉयस्टिक’ हा शब्द गेमवाल्यांचा नाही. तो विमानवाल्यांचा. १९१० च्या सुमारास विमान उडवणारे लोक पायलटच्या दोन गुडघ्यांमधल्या त्या उभ्या दांड्याला जॉयस्टिक म्हणायला लागले. दांडा पुढे केला की विमानाचं नाक खाली, मागे ओढला की वर, डावी-उजवीकडे केला की त्या बाजूला कलणार. एका हातात चार दिशा. ही कल्पना इतकी सोपी आणि इतकी चांगली होती की पुढे ती कुणी सोडलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा दांडा विमानातून सुटून दूरच्या वस्तूला लागला. १९४३ मध्ये जर्मनीने हेन्शेल एचएस २९३ नावाचा रेडिओवर चालणारा बॉम्ब वापरला. विमानात बसलेला माणूस एका छोट्या दांड्याने त्या बॉम्बची दिशा बदलायचा. म्हणजे दांडा इथे आणि हलणारी वस्तू तिकडे लांब. विचार केला तर व्हिडिओ गेममध्ये आपण हेच करतो. सुरुवात मात्र खेळातून झाली नाही, युद्धातून झाली.

गेमच्या दुनियेत सुरुवातीला जॉयस्टिक नव्हतीच. १९७२ मध्ये अटारीने ‘पाँग’ आणला, त्यात फिरवायचं गोल बटण होतं, रेडिओचा आवाज वाढवतो तसं. बॅट फक्त वर-खाली जायची, त्याला चार दिशांची गरज काय? पुढे १९७७ मध्ये अटारीचा घरी खेळायचा कन्सोल आला, ज्याला आपण अटारी २६०० म्हणतो, आणि त्याच्यासोबत आली ती काळ्या डब्यावरची काळी दांडी आणि एक लाल बटण. जगातल्या बहुतेक लोकांच्या डोक्यात जॉयस्टिकचं चित्र तेच आहे.

मग १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ आणि १९८० मध्ये नामकोचा ‘पॅकमॅन’. पॅकमॅनला एकही बटण लागत नाही. फक्त दांडा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिरकं नाही. हे ‘तिरकं नाही’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आत काय असतं?

बरं, दांड्याच्या आत असतं काय? मी पहिल्यांदा जॉयस्टिक उलटी केली तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी भारी सर्किट असेल. तसं काही नाही. चार छोटे स्विच, एक स्प्रिंग, एक दांडा आणि खाली एक प्लास्टिकची चौकट. बस.

सुरुवातीच्या मशीनमध्ये पानासारख्या पातळ पत्र्याचे स्विच असायचे. दोन पत्रे जवळजवळ, दांडा टेकला की एकमेकांना चिकटणार. आवाज नाही, पण पत्रे वाकायचे, त्यांच्यावर काळा थर यायचा, सारखं साफ करावं लागायचं. मग मायक्रोस्विच आले. आपल्या माउसमध्ये ‘टिक’ असा आवाज येतो ना, तोच. हा स्विच १९३२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रीपोर्ट नावाच्या गावी तयार झाला. त्याची खुबी अशी की एक लहानसा पत्रा ताणून बसवलेला असतो. ठरावीक ठिकाणापर्यंत दाबला की तो एकदम उडी मारून दुसऱ्या बाजूला जातो. अर्धवट काही नाही. चालू म्हणजे चालू, बंद म्हणजे बंद.

चार स्विच म्हणजे चार दिशा. मग आठ दिशा कशा? दांडा तिरका केला की दोन स्विच एकाच वेळी दाबले जातात. खाली आणि उजवा दोन्ही चालू म्हणजे ‘खाली-उजवीकडे’. एवढंच.

आणि ती खालची चौकट, तिला गेट म्हणतात. दांडा किती आणि कुठपर्यंत जाईल हे गेट ठरवतं. गेट चौकोनी असेल तर दांडा कोपऱ्यात जाऊन अडकतो आणि तिरकी दिशा पक्की लागते. गोल असेल तर दांडा कडेकडेने मऊ फिरतो. अष्टकोनी असेल तर आठही दिशांना एकेक खाच लागते. चौकोनी गेट बऱ्याच जॉयस्टिकमध्ये पंचेचाळीस अंशांनी फिरवून बसवता येतं. मग कोपरे वर-खाली-डावी-उजवीकडे येतात आणि तिरकं जाणं बंद. पॅकमॅन खेळायचा असेल तर हेच करायचं. नाहीतर वळणावर दांडा जरासा तिरका होतो, गेमला कळत नाही तुम्हाला नेमकं कुठं जायचंय, आणि भूत येऊन खातं.

जपानी, अमेरिकन, कोरियन

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. जपानी आणि अमेरिकन जॉयस्टिक वेगळ्या का? मला वाटायचं नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असेल. पण कारण फर्निचरमध्ये आहे!

अमेरिकेत आर्केड मशीन उभं असायचं, खेळणाराही उभा. मशीन लाकडाचं, पुढचा पॅनल जाड प्लायचा. उभा माणूस जोर लावतो, अंगाचं वजन दांड्यावर टाकतो. म्हणून अमेरिकन हॅप कंपनीच्या पद्धतीची जॉयस्टिक लांब, कडक स्प्रिंगची, वर बॅटच्या मुठीसारखा आकार. पूर्ण मुठीत धरायची.

जपानमध्ये बसून खेळायची पद्धत जास्त. १९९३ चं सेगाचं ॲस्ट्रो सिटी मशीन बघा, पांढरं, बुटकं, समोर स्टूल. पॅनल पत्र्याचा. बसलेल्या माणसाचा हात पॅनलवर टेकलेला असतो, तो मनगटाने खेळतो. म्हणून सान्वा आणि सेइमित्सु या जपानी कंपन्यांच्या जॉयस्टिक हलक्या, वर गोल बोंडी. सान्वाची जेएलएफ ही सगळ्यात प्रसिद्ध, तिची बोंडी ३५ मिलिमीटरची. दोन बोटांत धरा, बोटांमध्ये दांडा घ्या, तळहातात धरा, कसंही. सेइमित्सुची एलएस-३२ थोडी ताठ. विमानांच्या गोळीबाराचे गेम खेळणारे लोक तिच्यावर जीव टाकतात.

आणि तिसरी कोरियन. तिच्यात स्प्रिंगच नसते. स्प्रिंगच्या जागी रबराची जाड रिंग. दांडा सोडला की रबर त्याला जोरात मध्ये ओढतं. कोरियात ‘टेकन’ची भयंकर क्रेझ. त्या गेममध्ये झपाझप मागे सरकण्याची एक चाल आहे, तिला जगभर ‘कोरियन बॅकडॅश’ म्हणतात. त्या चालीसाठी दांडा क्षणात मध्ये यायला हवा. रबर ते काम करतं.

म्हणजे कुठली जॉयस्टिक ‘चांगली’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. तुम्ही उभे राहून खेळणार की बसून? पॅनल लाकडाचा की पत्र्याचा? गेम कोणता? हे आधी ठरवा.

हाडोकेन आणि छप्पन्न टोकं

दोन गोष्टींनी ही सगळी दुनिया बदलली. पहिली गोष्ट १९८५ ची. जपानच्या आर्केड मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेने एक ठरावीक जोडणी आणली, तिला संघटनेच्याच नावावरून ‘जामा’ म्हणतात. छप्पन्न टोकांची एक पट्टी, एका बाजूला अठ्ठावीस, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस. वीज, चित्र, आवाज, कॉईन, जॉयस्टिक, बटणं सगळं त्या एका पट्टीतून. फायदा काय? मशीन तेच ठेवायचं आणि आतला गेमचा बोर्ड फक्त काढून दुसरा लावायचा. व्हीसीआरमध्ये कॅसेट बदलल्यासारखं.

दुसरी गोष्ट १९९१ ची. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’. याच्या आधीचा १९८७ चा पहिला स्ट्रीट फायटर तर गमतीदार होता. त्याच्या एका मशीनवर दोन मोठे रबरी पॅड होते. जितक्या जोरात बुक्की माराल तितका जोरात फटका. लोकांनी काय केलं असेल तुम्ही समजू शकता. मग त्या पॅडच्या जागी सहा बटणं आली. स्ट्रीट फायटर २ मध्ये दांडा खाली, खाली-पुढे, पुढे असा पाव गोल फिरवून बटण दाबलं की हातातून निळा गोळा निघतो. हाडोकेन. आमच्या गोंदियात त्याला ‘आडूकेन’ म्हणायचे. इथून पुढे जॉयस्टिक फक्त दिशा दाखवायची वस्तू राहिली नाही. तिच्यावर हाताने अक्षर गिरवायचं होतं.

आणि मग आला मुस्तफा. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. मूळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून. त्यात चार हिरो आहेत, पण भारतात कुणालाही विचारा, त्या गेमचं नाव मुस्तफाच. पिवळी टोपी घातलेला, सगळ्यात चपळ. दांडा एका दिशेला दोनदा टकटक मारला की तो धावत सुटतो आणि धावताना बटण दाबलं की उडी मारून लाथ घालतो. त्या लाथेवर अख्खा भारत फिदा होता.

‘मधात येते’

आता माझ्या दादाच्या डाव्या हाताकडे परत या.

पार्लरमध्ये चार मशीन होती, त्यातल्या दोघांवर मुस्तफा. पोट्टे नेहमी डाव्या मशीनवर गर्दी करायचे. उजवं रिकामं असलं तरी रांग डाव्याचीच. मी एकदा विचारलं, ‘दादा, उजवं खाली आहे ना, त्यावर काऊन नाही खेळत?’ तो म्हणाला, ‘त्याचा दांडा मरेल आहे.’

मला समजलं नाही. मग घरी आल्यावर त्याने समजावलं. कंपासमधली पेन्सिल घेतली, खोडरबरात उभी खुपसली आणि टेबलावर धरली. म्हणाला, ‘हे बघ. मुस्तफाले पळवायचं असंल तर टक-टक, दोनदा. पण दोनदा कसं होईल? पहिल्या टकनंतर दांडा मधात आला पाहिजे. ओढून नको धरू, सोडून दे. तो आपल्या आपण मधात येते.’ उजव्या मशीनची स्प्रिंग ढिली होती. दांडा मध्ये यायचाच नाही. मग गेमला वाटायचं तुम्ही एकदाच दाबून ठेवलंय आणि मुस्तफा नुसता चालत राहायचा, समोरचे येऊन बदडायचे.

मी त्या पेन्सिलीवर कितीतरी दिवस टक-टक केलं. खऱ्या मशीनवर एकदाही नाही.

हे सगळं मला परवा-परवापर्यंत फक्त एक आठवण म्हणून माहीत होतं. पण जॉयस्टिक वाचायला, उघडून बघायला लागले तेव्हा कळलं की आठवीतल्या पोराने जे सांगितलं होतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. जॉयस्टिकचं खरं काम बाजूला जाणं नाही. परत मध्ये येणं हे तिचं खरं काम. जपानी असो, अमेरिकन असो, कोरियन असो, सगळी भांडणं शेवटी एवढ्यासाठीच: किती लवकर आणि किती नेमकं मध्ये येतं.

परवाना, पोलीस आणि पायरी

पार्लर तेव्हा इतकं बदनाम का होतं, हेही बघायला हवं. घरी कळलं तर मार ठरलेला. दादाला एकदा पडलाच. तांदळाच्या पैशातले दहा रुपये कमी भरले होते.

पण बदनामी नुसती आईवडिलांच्या मनात नव्हती. कायद्याच्या नजरेत व्हिडिओ गेमचं पार्लर ही ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’. आपल्या राज्यात १९५१ च्या, तेव्हा मुंबई पोलीस कायदा म्हटल्या जाणाऱ्या कायद्यातलं कलम ३३ अशा जागांसाठी परवान्याचे नियम करण्याचा अधिकार देतं. म्हणजे सिनेमा थिएटर, तमाशा आणि मुस्तफा एकाच रांगेत. शेजारच्या कर्नाटकात तर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य, १९९५. पार्लर चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं की आमचे गेम कौशल्याचे आहेत, जुगार नाही, परवाना कशाला? कोर्टाने परवान्याची अट योग्य ठरवली. काही मशीन पैशांच्या जुगाराची होती, मशीनमध्ये आतून फेरफार करता येतात, म्हणून सरकारला लक्ष ठेवता आलं पाहिजे, असा त्याचा सूर. आता मुस्तफात जुगार कुठला? पण बाहेरून बघणाऱ्याला अंधारी खोली आणि आवाज एवढंच दिसतं. मग मुली पायरीवरच.

गेल्या वर्षी मी त्या पार्लरवाल्या काकांना शोधून काढलं. आता ते मोबाईलचे कव्हर आणि चार्जर विकतात. मी विचारलं, ‘काका, मशीन कुठं गेल्या?’ म्हणाले, ‘भंगारात. काच, तार, लोखंड वेगळं केलं. प्लाय पावसात सडला.’ मी विचारलं, ‘आणि जॉयस्टिक?’ ते हसले. म्हणाले, गेमचे बोर्ड बदलत राहायचे, दांडे मात्र तेच. स्प्रिंग थकली की काढायची, हाताने ओढून जरा लांब करायची, परत बसवायची. नवीन स्प्रिंग आली की डाव्या मशीनला पहिला मान, कारण मोठे पोट्टे तिथं खेळायचे आणि पैसा तिथून यायचा.

मग मी तो प्रश्न विचारला. ‘काका, मुलींना मनाई होती का?’

‘नाही बाप्पा, मनाई कशाची? कोणी आलीच नाही.’

मी काही बोलले नाही. मी आले होते. पायरीपर्यंत.

हे मी काकांना दोष द्यायला सांगत नाहीये. पण इतिहास लिहिताना ‘कोणी आलंच नाही’ हे वाक्य फार वेळा येतं, तेव्हा जरा दाराबाहेर कोण उभं होतं तेही बघावं, एवढंच.

माझा डबा, माझ्या चुका

तर मी ठरवलं, यंदा दिवाळीला दादा पुण्याहून येईल तेव्हा घरी आर्केड बॉक्स तयार असेल. दादा महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो, अख्खं राज्य आडवं कापून. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, दंडार असते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं असतात, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं. म्हणजे खेळायला माणसं भरपूर.

पहिली चूक. मी ऑनलाइन एक जॉयस्टिक मागवली. फोटोत जपानी कंपनीचं नाव होतं. आली ती नक्कल निघाली. बोंडी छान, दांडा गुळगुळीत, पण महिनाभरात डावीकडचा स्विच कधी लागायचा, कधी नाही. परत पाठवायची मुदत गेलेली. शिकले ते असं: उघडून आतले स्विच बघा. जॉयस्टिक बाहेरून नव्हे, आतून ओळखायची.

दुसरी चूक माझीच. दुसऱ्यांदा खरी सान्वा जेएलएफ आणली. सुतारकाकांनी १८ मिलिमीटरचा प्लाय कापून सुंदर डबा करून दिला. जॉयस्टिक बसवली, आणि दांडा वर एवढासाच! दोन बोटंसुद्धा नीट मावेनात. का? कारण ती जॉयस्टिक पत्र्याच्या पॅनलसाठी केलेली. आठवतंय ना, जपानमध्ये पॅनल पत्र्याचा? अठरा मिलिमीटरच्या लाकडाने अर्धा दांडा गिळला. इतिहास मला माहीत होता, तरी डबा बनवताना विसरले. मग काकांनी खालून लाकूड कोरून खाच केली आणि जॉयस्टिक वर सरकवली. तुम्ही करणार असाल तर हे आधीच करा, नाहीतर वर पत्र्याची प्लेट लावा, नाहीतर लाकडासाठीच बनलेली अमेरिकन पद्धतीची घ्या.

भोकंसुद्धा वेगळी असतात बरं का. जपानी बटणाला ३० मिलिमीटरचं भोक, स्टार्टच्या छोट्या बटणाला २४ चं. अमेरिकन पद्धतीच्या बटणाला साधारण साडेअठ्ठावीस. होल सॉ आणायला हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी बटण हातात घेऊन मोजा.

मग वायरिंग. प्रत्येक स्विचच्या दोन तारा एका छोट्या यूएसबी बोर्डात जातात आणि तो बोर्ड कॉम्प्युटरला किंवा रास्पबेरी पायला जोडायचा. स्वस्त बोर्डावर ‘झीरो डिले’ लिहिलेलं असतं, ते नाव आहे, हमी नव्हे. पण खरं सांगू, घरी जो उशीर जाणवतो तो बऱ्याचदा टीव्हीचा असतो. टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, अर्धं दुखणं जाईल.

आणि गेम कुठून आणायचे? १९९७ पासून माम नावाचं सॉफ्टवेअर आहे, जुनी आर्केड मशीन कॉम्प्युटरवर जिवंत करणारं. सॉफ्टवेअर कायदेशीर आहे, पण गेमच्या फायली कुणाच्या तरी मालकीच्या असतात. जे विकत मिळतात ते विकत घ्या. स्ट्रीट फायटरचे जुने भाग आणि ‘नाइट्स ऑफ द राउंड’, ‘कॅप्टन कमांडो’ असे मारामारीचे गेम कॅपकॉमने २०१८ मध्ये संग्रह करून विकायला आणले. मुस्तफा मात्र त्यात नाही. कॉमिकचे हक्क वेगळ्यांचे, त्यामुळे तो घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. जगातला एक मोठा गेम असा अधांतरी लटकलाय. आमच्याकडं तो कसा चालला, हे मी अर्धवट सांगून सोडते. तो कॉपीराइटचा प्रश्न आहे आणि मी त्यात धुतल्या तांदळासारखी नाही. गोंदियाची असूनही!

मग घ्यायची कोणती?

थोडक्यात सांगते, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बसून खेळणार, फायटिंग गेम आवडतात, हात हलका आहे, तर जपानी, चौकोनी गेट. पॅनल पातळ ठेवा.

उभ्याने खेळायचा मोठा कॅबिनेट, जाड प्लाय, घरात दणकट हाताची पोरं, तर अमेरिकन पद्धतीची, बॅटच्या मुठीची.

फक्त टेकन, तर कोरियन. सवय व्हायला वेळ लागेल.

पैसे कमी आहेत, घरच्यांना आवडेल की नाही माहीत नाही, तर चायनीज किट घ्या. एका खऱ्या जपानी जॉयस्टिकच्या पैशात जवळपास दोन जणांचं पूर्ण किट येतं. आवडलं तर पुढे फक्त दांडा बदला, भोकं तीच चालतात.

आणि कोणतीही घेतली तरी एकच परीक्षा. टक-टक. दांडा ढकला, सोडा, बघा. मध्ये येऊन गप्प उभा राहतो की थरथरत राहतो?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर मोबाईलवर खेळतो. बरोबर. तुमच्या स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जो गोल असतो, तीही जॉयस्टिकच. त्याच दांड्याचं चित्र. पण काचेला स्प्रिंग नाही. अंगठा सरकत सरकत कडेला जातो आणि मधलं ठिकाण कुठे गेलं ते कळत नाही. म्हणून सारखं खाली बघावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पायलटला खाली बघावं लागत नव्हतं.

शेवट

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दादा डब्यासमोर बसला. त्याने आमच्या गल्लीत वीस वर्षं सांगितलंय की ‘आपण मुस्तफा एका कॉईनमध्ये संपवला होता.’ मी सगळ्यांसमोर म्हटलं, दाखव.

दुसऱ्या स्टेजला मेला.

सगळे हसले. मग तो हळूच म्हणाला, ‘खरं सांगू? कधीच नाही संपवला. कोणीच नाही संपवला बहुतेक. सगळे सांगत होते म्हणून मीही सांगत होतो.’

आणि याचा पुरावा कुठेच नाही. त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर वीज गेली की स्कोअर पुसला जायचा. भारनियमनाच्या दिवसांत गोंदियात वीज किती वेळा जायची ते तुमच्या आईबाबांना विचारा. म्हणजे रोज कुणीतरी पहिला नंबर लावायचा आणि रोज संध्याकाळी तो जायचा. आमच्या पार्लरचा इतिहास असा दर दिवसाला पुसला गेला. मशीन भंगारात, प्लाय सडलेला. उरल्या त्या लोकांच्या गोष्टी, आणि त्यातल्या अर्ध्या थापा.

म्हणून एक काम देते. तुमच्या गावात, तालुक्यात, मग तो आमगाव असो की अकोला, कधीतरी असं एक पार्लर होतंच. ते कोण चालवायचं, कुठे होतं, कोणता गेम होता, आत कोण जायचं आणि बाहेर कोण उभं राहायचं, हे तुमच्या काकाला, मामाला, आत्यालाही विचारा. हो, आत्यालाही. फोन हातात आहेच, रेकॉर्ड बटण दाबा.

दादाचा डाव संपल्यावर तो उठला, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, ‘बस. तू काऊन नाही खेळत?’ मी बसले. डावा हात बोंडीवर ठेवला. टक-टक. मुस्तफा पळाला.

पहिल्या स्टेजला मेले. पण पळाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि दांडा ओढून धरू नका. सोडून द्या, तो आपल्या आपण मधात येते.